हातात किती पडणार?

आमच्या घरातला पहिला परदेशप्रवास बार्शीचा.

ढोकी तेव्हा निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, सोलापूर जिल्ह्यात. येडशीचा घाट उतरून पांगरीच्या अंगाला लागलं की राज्य बदलायचं. करोडगिरीचा नाका लागायचा, म्हणजे निजामाची जकात, आणि नाका ओलांडला की खिशातला रुपयाही परका व्हायचा. ढोकीत चालायचा चारमिनारचा हाली रुपया. बार्शीच्या पेठेत चालायचा इंग्रज राजाच्या तोंडाचा कलदार. बार्शी लाईट 1911 साली लातूरपर्यंत पोचली आणि आमच्याकडच्या मालाला बार्शीची वाट सोपी झाली. आजोबा त्या अडीच फुटी रुळांवरच्या डब्यात तुरीच्या पोत्यांशेजारी बसून जायचे आणि परतले की तालुका जिंकून आल्यासारखे हिशेब सांगायचे.

सरकारी दर सात हालीला सहा कलदार. शंभर कलदार हवे तर 116 हाली, 10 आणे, 8 पै मोजायचे. सराफाच्या गादीवर मात्र हा आकडा कधी जुळला नाही, असं आजोबा सांगत. कधी नाणं घासलेलं निघे, कधी आवाज बोदा येई, कधी 'आज कलदारची ओढ आहे' एवढंच कारण पुरे. या कापाकापीला बट्टा म्हणायचं. नावाला बट्टा लागला असं आपण सहज म्हणतो, तो बट्टा आधी नाण्याला लागत होता; नाणं खरं असूनही पुऱ्या किमतीला जात नव्हतं. आपल्यात नाणावटी आणि पोतदार आडनावांची माणसं आहेत, त्यांच्या वाडवडलांनी याच कामावर घरं चालवली.

आजोबांचे दोन नियम होते. पहिला: दर विचारायचाच नाही. सत्तर हाली गादीवर ठेवायचे आणि विचारायचं, "हातात किती पडणार?" सराफ दर सांगेल, बट्टा सांगेल, तोळामासा सांगेल; ते ऐकल्यासारखं करायचं आणि हाच प्रश्न पुन्हा विचारायचा. साठातले किती कमी मिळतात, तेवढंच खरं. दुसरा नियम याहून भारी: जमेल तोवर बदलायचंच नाही. तूर बार्शीत विकायची, आलेल्या कलदारांतच बार्शीत कापड-लोखंड घ्यायचं आणि कसा रिकामा करून घरी यायचं. कसा म्हणजे कमरेला बांधायची विणलेली पिशवी. आमच्या ट्रंकेत तो अजून आहे, आत एक चारमिनारचा रुपयाही आहे. तो आजोबांनी का राखला, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मी ढोकीच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. तेर आमच्या शेजारचं गाव. दरवर्षी सहावीची पोरं घेऊन तिथं जायचो: गोरोबाकाकांचं देऊळ, त्रिविक्रमाचं देऊळ, मग रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केलेल्या वस्तूंचं सरकारी संग्रहालय. तिथल्या कपाटात हस्तिदंताची एक बाई आहे. छोटीशी, दागिन्यांनी मढलेली. मी दरवर्षी पोरांना सांगायचो, हिच्यासारखी दुसरी एक इटलीत आहे, पाँपेईच्या राखेत सापडलेली. पोरं विचारायची, "सर, तुम्ही बघितली?" मी म्हणायचो, फोटोत. निवृत्तीनंतर हे उत्तर मला टोचायला लागलं. लेक जर्मनीत, श्टुटगार्टला. तिनं बोलावलं तेव्हा मी अट घातली: चार दिवस नेपल्स. 2024 चा मे महिना ठरला.

पासपोर्ट, व्हिसा, विमा यांची कहाणी सांगत नाही. ती सगळ्यांचीच सारखी असते. पैशांची आमची वेगळी होती.

ढोकीच्या बँकेत युरोचं विचारलं तर काउंटरवरचा पोरगा माझाच विद्यार्थी निघाला. त्यानं उठून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, इथं पीककर्ज मिळतं." लातूरला गेलो. एका ट्रॅव्हलवाल्यानं पुण्याहून मागवून देतो म्हटलं, दर मात्र 'आल्यावर बघू'. आल्यावर बघू म्हणणाऱ्याला आजोबांनी कधी तूर घातली नाही. मुंबईला जाताना पुण्यात दोन दिवस मेहुण्याकडं राहणार होतोच, तिथंच घ्यायचं ठरवलं.

इथं मला एक शोध लागला, तो सांगितलाच पाहिजे. परकं चलन विकणाऱ्या दुकानात घासाघीस चालते. बँकेसारखी काच, एसी, टाय लावलेला मुलगा. आपल्याला वाटतं दर म्हणजे दर. पण तो कोथिंबिरीइतकाच हलतो. त्या दिवशी बाजारात युरो 90 रुपयांच्या आसपास होता. पहिल्या दुकानात 92 रुपये 40 पैसे म्हणाले. दुसऱ्यात 92, वर 'सर्व्हिस'चे शंभर. तिसऱ्यात मी दर विचारलाच नाही. म्हटलं, "300 युरो पाहिजेत. जीएसटी, तुमची सर्व्हिस, सगळं धरून मी किती द्यायचे?" मुलानं कॅल्क्युलेटर दाबला. मी पहिल्या दुकानाचं नाव घेतलं. त्यानं पुन्हा दाबला. शेवटी 91 रुपये 50 पैशांनी 27,450 आणि वर जीएसटी 49 रुपये 41 पैसे.

हा जीएसटी गमतीचा आहे. लाखाच्या आतल्या व्यवहारात रकमेचा एक टक्का, किमान 250 रुपये, हे दुकानदाराच्या सेवेचं मोल धरतात आणि त्यावर 18 टक्के. म्हणजे थोडेच युरो घेतले तरी 45 रुपये सुटत नाहीत. पासपोर्ट, पॅन, तिकीट, व्हिसा बघितला, एक अर्ज भरून घेतला. रोख नोटा एका प्रवासाला 3,000 डॉलरच्या किमतीपर्यंतच मिळतात, त्यापुढचं कार्डावर घ्यावं लागतं. वर्षाला 7 लाखांपुढं टीसीएस नावाचा कर कापतात असं त्यानं सांगितलं (पुढच्या वर्षी ती हद्द 10 लाख झाली). आमच्या तीनशे युरोंवर त्याची सावलीही पडत नव्हती. रुपयांत पन्नास हजारांच्या आत होतं, म्हणून रोख चाललं. नोटा शंभरच्या तीन देत होता. मी वीसच्या आणि दहाच्या मागितल्या. त्यानं तोंड वाकडं केलं. बार्शीच्या बाजारात कोऱ्या शंभराची मोड मागणाऱ्याकडं वाणी असाच बघत असणार.

मुंबई विमानतळावर निव्वळ तपासायचं म्हणून एका काउंटरवर विचारलं: 300 युरोचे किती? त्यानं 98 चा भाव सांगितला. एकोणीसशे रुपयांचा फरक. त्या माणसाचा राग आला नाही. त्याच्यापुढं रांगेत होते ते सगळे घाईत होते, आणि घाईतल्या माणसाला बट्टा मोजायला वेळ नसतो.

"आता चला, विमान सुटंल," बायको म्हणाली. तीन तास होते.

श्टुटगार्टला पोचलो आणि पहिल्याच संध्याकाळी पैशांवरून वाजलं. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही कशाला बदलून आणले? माझ्या खात्यात युरोच आहेत. पाहिजे तेवढे घ्या. ना दर, ना बट्टा." हिशेबानं तिचं म्हणणं बिनतोड होतं. परदेशात रोख रक्कम मिळवण्याचा सगळ्यांत स्वस्त मार्ग म्हणजे तिथं राहणारं आपलं माणूस. पण आमच्याकडं लेकीच्या घरी पाणी प्यायलाही मागची पिढी कचरायची. माझी आई लातूरला माझ्या बहिणीकडं गेली की चहाचे पैसे भाचीच्या फ्रॉकच्या खिशात ठेवून यायची. मी एवढा जुना नाही, जेवतो. पण जावयासमोर लेकीकडून नोटा मोजून घेणं मला जमलं नाही. उलट नातीच्या हातावर पहिल्याच भेटीत 100 युरो ठेवले. बायको माझ्याकडं बघत राहिली. आणलेल्यातला तिसरा हिस्सा पंधरा मिनिटांत गेला होता. जगातल्या कुठल्या यंत्राला हा बट्टा लावता आला नसता.

जर्मनीत रोख लागते हे मला नवल. पाववाल्याच्या दारात चक्क पाटी, कार्ड चालणार नाही. ढोकीत टपरीवरही क्यूआर कोड चिकटवलेला असतो आणि इथं माणसं पाकिटातून नाणी निवडून काढतायत. आपलं यूपीआय पॅरिसच्या आयफेल टॉवरपर्यंत पोचलं होतं त्याच वर्षी फेब्रुवारीत. श्टुटगार्टच्या पाववाल्यापर्यंत नाही. आठवड्याभरात वीस आणि दहाच्या नोटा पाव, ट्राम, नातीचं आइसक्रीम यांत विरघळल्या. नेपल्सला निघालो तेव्हा पाकिटात साठ होते आणि एक डेबिट कार्ड.

कार्ड परदेशात चालू केलेलं होतं, हे जावयाच्या कृपेनं. 2020 पासून आपल्याकडची नवी कार्डं फक्त देशात चालतील अशीच देतात. बाहेर वापरायची तर ॲपवर जाऊन कळ फिरवावी लागते. मला ठाऊक नव्हतं.

नेपल्स. विमानतळावरून बसनं स्टेशनजवळ उतरलो आणि बायको म्हणाली, "ही तर बार्शीच!" हॉर्न, वाळत घातलेले कपडे, फुटपाथवर मांडलेली मासळी, तोंडानं बोलताना हातानंही बोलणारी माणसं. जर्मनीत आठवडाभर गप्प बसून तिचा जीव घुसमटला होता. इथं ती पहिल्या तासात फळवालीशी मराठीत भांडली आणि जिंकली.

खोलीवाली बाई म्हणाली, भाडं रोख. शहराचा पर्यटक कर असतो, तोही रोख. साठात भागणार नव्हतं. मी खाली उतरलो. कोपऱ्यावर, सिगारेटच्या दुकानाशेजारी, झगझगीत रंगाचं एक यंत्र भिंतीत नाही, नुसतं फुटपाथवर उभं होतं. कुठल्याही बँकेचं नाव त्यावर नव्हतं. कार्ड घातलं. त्यानं पहिल्यांदा 250 युरो घ्या म्हणून सुचवलं. मी 100 दाबले. मग पडद्यावर अक्षरं आली: यंत्राचा आकार 3 युरो 95 सेंट. आणि खाली मोठ्या हिरव्या चौकटीत, आपल्या रुपयांत, 10,498 रुपये 95 पैसे, रूपांतरासह. बाजूला छोट्या करड्या चौकटीत, रूपांतराशिवाय.

"अहो, रुपयात दाखवतंय की!" बायको म्हणाली. "बरं झालं. हिशेब तरी कळतो."

मीही हेच म्हटलं मनात. आठवड्याभरानं कुणीतरी आपल्या पैशात बोलत होतं. दाबलं हिरवं. खरखर झाली, पन्नासच्या दोन नोटा बाहेर आल्या. मिनिटभरात मोबाईलवर संदेश: 10,498.95. त्यामागून आपल्या बँकेचा दुसरा: परदेशात रोख काढल्याचा आकार 147 रुपये 50 पैसे.

वर जाऊन खोलीवालीला पैसे दिले आणि मग कागदावर मांडलं. 103.95 युरोचे 10,498.95, म्हणजे 101 चा भाव. बाजार 90 चा. यंत्राचा आकार उघड लिहिला होता, त्यावर माझं लक्ष गेलं. खरा बट्टा त्या हिरव्या चौकटीत, माझ्या ओळखीच्या रुपयाच्या चिन्हामागं बसला होता. बँकेचा आकार धरून हातात 100 युरो पडले आणि गेले 10,646. एका युरोला 106 रुपये 46 पैसे. निजामाच्या राज्यातून बार्शीला जाणाऱ्या अडाणी माणसालाही कुणी एवढं कापलं नसेल. तो निदान सराफाच्या डोळ्यांत बघत होता.

लेकीला फोन केला. ती हसली, मग चिडली, मग तिनं समजावलं. कार्डावरचा व्यवहार युरोतच होऊ दिला तर युरोचे रुपये करायचा दर कार्डाचं जाळं ठरवतं, व्हिसा असो की मास्टरकार्ड, आणि तो बाजाराला धरून असतो. 'आपल्या पैशात' करू दिला तर दर यंत्राचा मालक ठरवतो, त्याला वाटेल तो. "दुकानातसुद्धा विचारतात, बाबा. रुपयात की युरोत? नेहमी युरोत सांगायचं. आणि बँकेच्या भिंतीतलं यंत्र शोधा. इटलीत बांकोमात विचारा, कुणीही दाखवेल. क्रेडिट कार्डानं रोख काढू नका बरं का, त्याला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं."

दुसऱ्या दिवशी बांकोमात शोधत निघालो. वाटेत चलन बदलायची एक टपरी लागली, वर मोठ्या अक्षरांत 'कमिशन नाही'. आत बोर्डावर डॉलरच्या खरेदीचा एक आकडा आणि विक्रीचा दुसरा. दोन आकड्यांमधून भरलेली बैलगाडी गेली असती. कमिशन खरोखरच नव्हतं. त्याची गरजच नव्हती. आपल्या रुपयाचं नाव त्या बोर्डावर नव्हतं, त्यामुळं बायकोच्या बटव्यातल्या पाचशेच्या नोटा नेपल्समध्ये निव्वळ महात्माजींचे फोटो होते.

बँकेची भिंत सापडली. बँक हा शब्दच या देशातला: चलन बदलणारे बाजारात बाक टाकून बसायचे, त्या बाकाला बांको. आपले सराफ गादीवर बसले, म्हणून आपल्याकडं पेढी. भिंतीतल्या यंत्रानंही रूपांतर हवं का विचारलं. मी 'नको' दाबलं. त्यानं पुन्हा विचारलं, खात्री आहे का? बायको म्हणाली, "नको म्हणलं ना बाई." या वेळी 200 काढले, आपल्या बँकेचा ठरावीक आकार दोनदा कशाला भरा. रात्री हिशेब मांडला: 90 रुपये 30 पैशांनी 18,060, त्यावर आपल्या बँकेचा साडेतीन टक्के मार्कअप, त्यावर जीएसटी, वर ते 147.50. एकूण 18,953. एका युरोला 94 रुपये 77 पैसे. काल 106.46. आणि पुण्यातल्या काचेच्या दुकानातले, घासाघीस करून आणलेले? 91 रुपये 66 पैसे.

म्हणजे थोड्या दिवसांच्या प्रवासाला घरूनच नोटा न्याव्यात, हे माझं मत झालं. लोक म्हणतात एटीएम सगळ्यांत स्वस्त. ते ज्यांच्या बँका साडेतीन टक्के लावत नाहीत त्यांच्यासाठी. माझ्या बँकेचं पत्रक मी ढोकीत वाचलं असतं तर असं कार्ड आधीच शोधलं असतं, बिनमार्कअपची मिळतात आता. प्रवासी फॉरेक्स कार्ड हा मधला मार्ग. त्यात दर आधी बांधला जातो, चोरीची धास्ती कमी. पण युरो भरलेलं कार्ड लंडनला वापरलं की पुन्हा बट्टा. बाकी इटलीत दुकानदारानं कार्ड नाकारलं तर 2022 पासून दंड आहे, त्यामुळं जेवण, तिकिटं, रेल्वे सगळं कार्डावर होतं. रोख लागते ती खोलीवालीला, स्टेशनातल्या संडासाला, आणि कॉफीला.

कॉफीचं सांगितलं पाहिजे. उभ्यानं प्यायची, दोन घोटांत, सव्वा युरोच्या आसपास. आमच्याआधीचा म्हातारा एक कॉफी प्यायला आणि दोनाचे पैसे ठेवून गेला. मला वाटलं मोड विसरला. मी त्याला हाक मारली. काउंटरवरचा हसला. नेपल्सची जुनी रीत आहे: एक कॉफी टांगून ठेवायची, पुढं कुणी खिसा रिकामा असलेला येईल त्याच्यासाठी. नाव काफे सोस्पेसो. बायकोनं लगेच बटवा उघडला. तिनं दोन युरोचं नाणं ठेवलं आणि मोड घेतली नाही. तीन दिवसांत पहिल्यांदाच पैसे मोजल्यावाचून दिले आम्ही.

आणि मग संग्रहालय, ज्याच्यासाठी आलो.

नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात पाँपेईची लक्ष्मी 'गुप्त दालनात' ठेवलेली आहे. गुप्त का, ते आत गेल्यावर कळलं. पाँपेईच्या माड्यांतली आणि घरांतली शृंगाराची चित्रं, शिल्पं, आणखी काय काय, सगळं एका दालनात. पूर्वी तिथं सरसकट कुणाला सोडतच नसत. तीस वर्षं सहावीच्या पोरांना इतिहास शिकवलेला मी आणि मागं डोक्यावर पदर घेतलेली बायको. "अगबाई," ती म्हणाली, "लक्ष्मीला कुठं नेऊन ठेवलंय ह्यांनी!" आणि भिंतींकडं पाठ करून सरळ काचेच्या कपाटाशी गेली.

पाव मीटर उंचीची. 1938 साली सापडली. गळ्यात, कमरेला, पायांत कडीच कडी, वस्त्र जवळजवळ नाही, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी प्रसाधनाची भांडी घेऊन. डोक्यावर वरून भोक, म्हणजे ती मूर्ती नसून कशाचा तरी भाग, चौरंगाचा पाय किंवा आरशाची मूठ. लक्ष्मी नसावी, यक्षी असावी, असंही अभ्यासक म्हणतात. ती भारतातली याबद्दल वाद नाही. तेरला आणि जालन्याकडच्या भोकरदनला तिच्या जातीच्या बाया सापडल्या, म्हणून दख्खनकडं बोट जातं. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा ती तिथं होती, म्हणजे त्याआधीच आमच्या बाजूनं कुणीतरी तिला धाडली होती.

"तेरच्या बाईची थोरली भैन," बायको म्हणाली. पुरातत्त्वात याहून नेमकं विधान मी ऐकलेलं नाही.

तिच्यासमोर उभा राहून मला आठवला तो 'पेरिप्लस'चा कर्ता. इजिप्तमधला ग्रीक बोलणारा एक व्यापारी, पहिल्या शतकातला, नाव माहीत नाही. त्यानं लाल समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची खरेदी-विक्रीची वही लिहून ठेवली. भडोचहून वीस दिवसांवर पैठण, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरातून जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांवरून वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जाते. हे तगर म्हणजे आमचं तेर, हे फ्लीट या अभ्यासकानं 1901 मध्ये दाखवलं. मी पोरांना एवढंच शिकवायचो. त्याच वहीतली दुसरी नोंद मी नेहमी वाचून पुढं जायचो: भडोचला रोमची सोन्याचांदीची नाणी न्यावीत, तिथल्या नाण्यांत बदलताना नफा होतो.

नफा होतो! दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस, परदेशी निघालेल्यांना सांगतोय, घरूनच नोटा न्या. पुण्यातल्या माझ्या तिसऱ्या दुकानाचा पत्ताच जणू.

आणि रोम त्यावर कुरकुरत होतं. थोरला प्लिनी लिहितो की हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. हा प्लिनी याच खाडीकाठी आरमाराचा अधिकारी होता आणि याच व्हेसुव्हियसच्या स्फोटात मेला. आपल्याकडं नाशिकच्या लेण्यांत, नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे: सत्तर हजार कार्षापणांचं दान, एका सुवर्णाला पस्तीस कार्षापणांच्या दरानं दोन हजार सुवर्ण. विनिमयाचा दर दगडात कोरलेला. कुठलं यंत्र 101 म्हणेना, भिंतीवर 35 लिहिलंय ते लिहिलंय. त्या दालनातल्या बाकीच्या प्रदर्शनाकडं बघायचं टाळत मी हे सगळं बायकोला सांगत होतो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ही बाई कितीला विकली असंल?"

ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

परतताना पाकिटात चाळीस युरो उरले. दोन हजार डॉलरच्या किमतीपर्यंतचं परकं चलन आपल्याला जवळ ठेवता येतं, जास्त असेल तर परतल्यापासून 180 दिवसांत मोडायचं. चाळीस मी ठेवलेच; नात दिवाळीत येणार होती. नाण्यांची मात्र पंचाईत. पुण्यातल्या दुकानानं नाणी घेत नाही म्हणून हात झटकले, नोटाच फक्त. सात-आठ युरोंची चिल्लर पिशवीत खुळखुळत ढोकीला आली. आजोबांनी कसा रिकामा करून यायचं सांगितलं होतं ते यासाठी.

जूनच्या शेवटी पाऊस लागला तसे आम्ही दोघं तेरला गेलो. कपाटातली धाकटी बहीण पाहिली. बायको तिला बराच वेळ नेपल्सचं सांगत होती. संग्रहालयाचा शिपाई माझ्याकडं बघून हसला. बाहेर येऊन टपरीवर चहा घेतला. पैसे काढताना पिशवीतलं दोन युरोचं नाणं हातात आलं, दुरंगी, कडेला पांढरं, मधे पिवळं.

"सर, ह्ये काय?" चहावाला म्हणाला. मी सांगितलं. त्यानं ते उलटंपालटं केलं. "ह्यो कोण?"

"दान्ते. त्यांचा मोठा कवी."

"म्हंजे गोरोबाकाकांसारखा?"

"तसाच म्हण."

त्यानं ते बोटावर तोललं, टपरीच्या पत्र्यावर आपटून आवाज ऐकला. "किती होत्यात ह्याचे?"

"एकशेऐंशीच्या आसपास."

"मी घेतो. दीडशे देतो."

"तीस रुपये बट्टा? अरे, बाजारभाव—"

"बाजारभाव तुमच्या तिकडं, सर. तेरात मी चालवायचा कुठं? पोराला ठेवतो, शाळंत दाखवंल."

बायको कप खाली ठेवून म्हणाली, "मग हातात किती पडणार, ते सांग की."

"दोन चहाचे वीस कापून एकशेतीस."

त्यानं शंभराची एक आणि दहाच्या तीन नोटा दिल्या. मी मोजून घेतल्या.